डबा लावणे आणि ऑर्डर देणे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मराठीत आपण दूध लावतो, पेपर लावतो, मुलांना शिकवणी लावतो, तसाच डबाही लावतो. ऑर्डर मात्र आपण 'देतो'. या दोन क्रियापदांत बाहेरून जेवण मागवण्याचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास दडला आहे असे मला वाटते. लावलेली गोष्ट रोज येते, तिचा हिशेब महिन्याला होतो, एखाद्या दिवशी ती आली नाही तर त्याला 'खाडा' असा खास शब्द आहे. दिलेली ऑर्डर एका वेळेपुरती असते. जेवण आले, पैसे गेले, संबंध संपला. आज मोबाइलवर बोट फिरवून जेवण मागवणाऱ्या पिढीला वाटते की घरपोच जेवण ही इंटरनेटची देणगी आहे. उलट जुन्या पिढीला वाटते की आपल्या वेळी असले काही नव्हते, सगळे घरीच जेवत. दोन्ही समजुती खऱ्या नाहीत.

सुरुवात १८९० सालापासून करू. त्या वर्षी ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली आणि सभेनंतर आलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. त्यात लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कप हातात धरला. पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि गावात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. मिशनऱ्यांच्या हातचा एक कप चहा, आणि एवढे रामायण! परक्याच्या हातचे खाणे ही त्या काळी किती मोठी गोष्ट होती, हे यावरून कळते.

त्याच सुमारास, म्हणजे १८९० च्या आसपास, मुंबईत डबेवाल्यांची सुरुवात झाली. दोन्ही गोष्टींचा थेट संबंध नाही, पण त्या एकाच काळाच्या आहेत हे लक्षात ठेवायला हवे. मुंबईची वस्ती तेव्हा आठ लाखांवर गेली होती. कचेऱ्या, बँका, पेढ्या, न्यायालये, सगळे फोर्टात. राहणारे लोक गिरगाव, ग्रँट रोड, भायखळा, दादर असे उत्तरेकडे सरकत चाललेले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली, १८६७ साली पश्चिमेकडून विरारची गाडी सुरू झाली. घर आणि कचेरी यांच्यात रेल्वेचे अंतर पडले. इंग्रज साहेबाची कचेरी सकाळी सुरू होणार, पण आपल्या घरातला स्वयंपाक त्या वेळेला होणार नाही. दुपारी घरी येऊन जेवणे अशक्य. बाहेर खाणे जातीच्या आणि धर्माच्या दृष्टीने अवघड. पारशी, गुजराती वैष्णव, जैन, कोकणस्थ, सारस्वत, मुसलमान, प्रत्येकाचे जेवण वेगळे, चव वेगळी, सोवळे-ओवळे वेगळे. एका खानावळीत इतक्या लोकांची सोय कशी होणार?

तेव्हा कुणाला तरी सुचले की माणसाने घरी जाण्यापेक्षा घरचे जेवण माणसाकडे यावे. सांगितली जाणारी हकिगत अशी, की एका पारशी बँकरने आपला डबा घरून कचेरीत आणायला एक माणूस ठेवला. ते पाहून महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसे जमवून हा धंदा बांधला. ही माणसे मावळ, मुळशी, राजगुरुनगर, आंबेगाव, जुन्नर, अकोले या सह्याद्रीच्या कुशीतल्या भागातली. जमीन डोंगराळ, भात एकदाच पिकणारा. घाटाखाली उतरून मुंबईत ओझी वाहण्याखेरीज दुसरा मार्ग नाही. ओझे वाहण्याची सवय होती, तीच कामी आली.

यात गंमत अशी, की ज्या डब्यांचे मालक एकमेकांच्या पंक्तीला बसले नसते, त्यांचे डबे एकाच पाटीत, एकमेकांना चिकटून, एकाच माणसाच्या डोक्यावरून जात होते. झाकण लावलेले होते, तेवढ्याने भागत होते. जातिभेद त्याने मोडला असे कुणी म्हणू नये. उलट ज्याला तो पाळायचा होता त्याची सोयच झाली. पण शहराने आपल्या गरजेपोटी किती मुकाट्याने तडजोड केली, त्याचा हा नमुना आहे.

आता हा डबा कसा जातो ते जरा तपशिलात पाहू, कारण आजच्या ॲपशी तुलना करायची तर ते कळायला हवे. सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास डबेवाला आपल्या ठरलेल्या घरांतून डबे गोळा करतो. तीस ते चाळीस डबे एका माणसाकडे. सायकलला लटकवून तो जवळच्या स्टेशनवर येतो. तिथे त्याच्या गटातले बाकीचेही आलेले असतात. फलाटाबाहेर डब्यांची पहिली वाटणी होते. कोण कोठून आणले याला आता महत्त्व नाही, कोठे जायचे त्याप्रमाणे डबे नव्याने लागतात. लांबट पाटीत ते भरले जातात. भरलेली पाटी साठ-सत्तर किलोची होते. ती लगेज डब्यात चढवायची, आणि लोकल स्टेशनात अर्धा मिनिटसुद्धा थांबत नाही. मोठ्या स्टेशनवर पुन्हा वाटणी. चर्चगेट किंवा सीएसटीला उतरल्यावर पुन्हा एकदा. तिथून हातगाडी, सायकल किंवा डोके. साडेबारा-एकच्या आत डबा कचेरीच्या दारात. जेवणे झाली की हेच सगळे उलट्या दिशेने, आणि संध्याकाळच्या गर्दीआधी रिकामा डबा घरी. म्हणजे एक डबा जाताना तीन-चार हातांतून जातो, येताना तेवढ्याच हातांतून परततो.

हे सगळे चालते झाकणावर रंगवलेल्या चार-पाच खुणांवर. मधोमध मोठा आकडा, तो डबा कोणत्या भागात उतरायचा ते सांगतो. कडेला उतरवून घेणाऱ्या माणसाची खूण, इमारतीची अक्षरे आणि मजल्याचा आकडा. दुसऱ्या बाजूला डबा निघाला त्या भागाची खूण, परतीच्या प्रवासासाठी. पूर्वी रंगीत दोरे आणि चिंध्या बांधून काम भागवत, नंतर अक्षरे आली. त्यात ग्राहकाचे नाव नसते, पूर्ण पत्ताही नसतो. कारण शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला 'बाराव्या मजल्यावरचे' म्हटले की कोण ते ठाऊक असते. म्हणजे निम्मी माहिती झाकणावर आणि निम्मी माणसाच्या डोक्यात. संगणकवाल्यांना या पद्धतीचे फार कौतुक वाटते, पण ही दुसरी निम्मी बाजू ते बहुधा विसरतात.

या कौतुकाचीही एक मजेदार गोष्ट आहे. १९९८ साली 'फोर्ब्स' या अमेरिकी नियतकालिकात डबेवाल्यांवर लेख आला. लेखकाने संघटनेच्या अध्यक्षांना विचारले होते, तुमच्या चुका किती होतात? उत्तर मिळाले, जवळजवळ नाहीतच, दोन महिन्यांतून एखादी. लेखकाने त्यावरून हिशेब मांडला आणि ऐंशी लाख डब्यांत एक, येणे-जाणे धरले तर एक कोटी साठ लाखांत एक, असा आकडा काढला. पुढे कुणा पत्रकाराने अध्यक्षांना विचारले, मग तुम्ही 'सिक्स सिग्मा' आहात काय? त्यांना तो शब्दच माहीत नव्हता. अर्थ सांगितल्यावर ते म्हणाले, मग आहोत, फोर्ब्सला विचारा! झाले. फोर्ब्सने डबेवाल्यांना प्रमाणपत्र दिले ही कथा जगभर फिरली, व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवली गेली. आपण तो शब्द वापरलाच नव्हता, असे त्या लेखकाला पुढे सांगावे लागले. डबेवाल्यांचे काम या आकड्यावाचूनही थोर आहे. पण आपल्याकडे एखाद्या गोष्टीला परदेशी शिक्का मिळाल्याशिवाय तिची किंमत कळत नाही, त्याला काय करणार? २००३ साली इंग्लंडचे युवराज चार्ल्स चर्चगेटला त्यांना भेटले, २००५ साली त्यांच्या लग्नाला डबेवाल्यांच्या प्रतिनिधींना बोलावणे आले, तेव्हा कुठे आपल्या चित्रवाणीच्या कॅमेऱ्यांना ते दिसू लागले.

मला त्या आकड्यापेक्षा त्यांची रचना महत्त्वाची वाटते. पंधरा-वीस-पंचवीस जणांचा गट, त्यावर एक मुकादम. मुकादमही डबे वाहतोच. महिन्याची जमा गटात येते आणि समान वाटली जाते. नव्याने येणारा माणूस काही भांडवल भरून येतो, म्हणजे तो नोकर नसतो, भागीदार असतो. न सांगता गैरहजर राहिले तर दंड, कामावर व्यसन केले तर दंड, डोक्यावर टोपी नसेल तर दंड. १९५६ साली नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्टची नोंदणी झाली, पुढे १९६८ साली व्यवसायाची बाजू सांभाळणारी संघटना झाली. एप्रिलमध्ये गावच्या जत्रा असतात तेव्हा चार-पाच दिवस सगळे बंद, मग मुंबईतल्या साहेबांनी काय खायचे ते त्यांनी बघावे. ही सुट्टी ग्राहकांनी पिढ्यान्‌पिढ्या मान्य केली आहे. आजच्या कोणत्या ॲपच्या माणसाला असे सांगता येईल?

डब्याची दुसरी परंपरा गिरणगावातली. तिथे घरून डबा यायला घरच नव्हते. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार बायका-मुले गावी ठेवून लालबाग-परळच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत. एका खोलीत पंधरा-वीस पुरुष. गिरणीच्या पाळ्या तीन, त्यामुळे झोपणेही पाळीने. त्यांच्या जेवणाची व्यवस्था खानावळवाल्या बायकांनी केली. कुणी विधवा, कुणी नवऱ्याची नोकरी सुटलेली. आपल्याच दहा बाय दहाच्या खोलीत दहा-वीस जणांचा स्वयंपाक, शिवाय पाळीवर जाणाऱ्यांचे डबे. पैसे पगार झाल्यावर. तोवर किराणा उधारीवर, आणि उधारी भागवायला सावकार. कामगाराच्या पोटाची महिनाभराची उधारी म्हणजे या बाईच्या डोक्यावरचे व्याज होते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच बायकांसाठी. बँकांचे राष्ट्रीयीकरण झालेले होते, गरिबांना कर्जे द्या असा आदेश होता, पण बाईकडे तारण काय? एकमेकींनी एकमेकींची हमी घेतली. स्वयंपाक हे कौशल्य आहे, त्यावर बँक कर्ज देऊ शकते, ही गोष्ट तेव्हा नवी होती.

जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. संपाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. पण ज्या खानावळीच्या वहीत या कामगारांची नावे होती, त्या वहीचे काय झाले, याचा विचार फार थोड्यांनी केला. पगार थांबला म्हणजे वही थांबली. काही बायकांनी संपकऱ्यांना तरीही जेवू घातले. वर्षानुवर्षे जेवू घातलेल्या माणसाला पैसे नाहीत म्हणून उठ म्हणता येत नाही. 'लावलेल्या' डब्याची ही अडचण, आणि हेच त्याचे मोठेपणही.

पुण्यात विद्यार्थी होतो तेव्हा मीही डबा लावला होता. डबा देणाऱ्या काकूंचे नियम कडक. सकाळी आठच्या आत खाडा सांगितला तरच पैसे वजा. आवडीनिवडी चालणार नाहीत. आठवड्यातून दोनदा दोडका यायचाच. पण एकदा तापाने पडलो, आणि दोन दिवस डबा तसाच परत गेला. तिसऱ्या दिवशी डब्यात पोळी-भाजीऐवजी मऊ भात आणि मेतकूट आले. मी काही सांगितले नव्हते. डबा न उघडता परत आला यावरून त्यांनी ओळखले. मध्यंतरी एका ॲपवरून मागवलेले जेवण भलत्याच माणसाचे आले, तेव्हा तक्रारीसाठी पाऊण तास मी ज्याच्याशी लेखी संवाद करत होतो, तो माणूस आहे की यंत्र हे मला शेवटपर्यंत कळले नाही. पैसे मात्र परत मिळाले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. काकूंनी पैसे कधीच परत दिले नसते.

आता 'ऑर्डर' या दुसऱ्या परंपरेकडे वळू. तीही वाटते तितकी नवी नाही. इंग्रजी अमदानीत आगगाडीच्या वरच्या वर्गाच्या प्रवाशाला जेवण हवे असेल तर तो गार्डाला सांगे. गार्ड पुढच्या स्टेशनला तार करी, आणि गाडी पोचेपर्यंत तिथल्या उपाहारगृहात ताटे वाढलेली असत. तारेवरून मागणी, यंत्राने निरोप, ठरल्या वेळी जेवण. याला 'ऑनलाइन' म्हणायला हरकत नाही, लाइन तर होतीच! मुंबईत टेलिफोन १८८२ साली आला, पण पुढची शंभर वर्षे तो घरी असणे हेच प्रतिष्ठेचे लक्षण होते. फोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. त्यामुळे फोनवरून जेवण मागवणारा वर्ग फार लहान. सामान्य माणसाची ऑर्डर तोंडी असे. दुकानाच्या पायरीवरून समोरच्या इराण्याकडे हाक, बोटांनी संख्येची खूण, आणि तारेच्या जाळीत चहाचे पेले अडकवून पोऱ्या हजर. हिशेब भिंतीवर खडूने किंवा पोऱ्याच्या डोक्यात. त्या पोऱ्यांत कितीतरी जण शाळेत असायच्या वयाचे होते, हे त्या काळच्या आठवणी काढताना आपण सोयीने विसरतो.

फोनवरून मागवण्याला धंद्याचे रूप आले ते १९९० नंतर. फोन मिळू लागले, दोघे नोकरी करणारी घरे वाढली. जानेवारी १९९६ मध्ये दिल्लीत डॉमिनोजचे पहिले भारतीय दुकान उघडले, आणि पुढे 'तीस मिनिटांत, नाहीतर फुकट' ही घोषणा आपल्याकडच्या मुलांना पाढ्यांसारखी पाठ झाली. मुले घड्याळ लावून बसत आणि पिझ्झावाला उशिरा यावा अशी प्रार्थना करत. त्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना हे ठाऊक नव्हते, की अमेरिकेत ही हमी १९९३ सालीच मागे घेतली गेली होती. सेंट लुईस शहरात घाईने जाणाऱ्या गाडीने सिग्नल तोडला आणि एक बाई जखमी झाली. ज्युरीने कंपनीला सुमारे ७ कोटी ८० लाख डॉलरचा दंड सुनावला. तिथे जी घाई न्यायालयाने महाग ठरवली, ती आपल्याकडे जाहिरात म्हणून आली.

इंटरनेटवरून जेवणाची ऑर्डर १९९४ साली कॅलिफोर्नियात सांताक्रूझ येथे घेतली गेली, तीही पिझ्झाचीच. ती नोंदवल्यावर दुकानातून खात्रीसाठी ग्राहकाला फोन करत! म्हणजे यंत्रावर विश्वास बसायला वेळ लागत होता. भारतात २००८ साली दिल्लीत हॉटेलांची मेनूकार्डे संगणकावर ठेवण्याची एक साधी सोय निघाली, फूडीबे नावाने. २०१० साली तिचे झोमॅटो झाले. २०१४ साली बंगळूरला स्विगी निघाली आणि तिने स्वतःची पोचवणारी माणसे ठेवली. पुढच्याच वर्षी झोमॅटोही पोचवू लागली. २०१६ साली जिओमुळे मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले, त्याच वर्षी यूपीआय आले, नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या. पुढचे सर्वांनी पाहिलेच आहे.

डबा आणि ॲप यांच्यातला एक मूलभूत फरक अंतराचा आहे. डबा बोरिवलीहून नरिमन पॉइंटला जातो, म्हणजे पस्तीस किलोमीटर. ॲपवरचे जेवण सहसा पाच-सात किलोमीटरच्या आतले. डब्यात अन्न कोणाचे हे पक्के ठरलेले, म्हणून ते लांबून आणावे लागते. ॲपमध्ये अन्न कोणाचे हे महत्त्वाचे नाही, जवळचे असले म्हणजे झाले. म्हणून डब्याला रेल्वे पुरते आणि ॲपला मोटारसायकल लागते. आणि म्हणूनच आता अशी स्वयंपाकघरे निघाली आहेत ज्यांना हॉटेलच नाही. पाटी नाही, टेबल नाही, एकाच ओट्यावर सहा नावांनी सहा प्रकारची जेवणे. या पद्धतीतली एक मोठी कंपनी पुण्यातच रोल विकणाऱ्या छोट्या दुकानातून वाढली. गिरणगावातल्या खानावळीलाही पाटी नव्हती, पण तिच्या चुलीपुढे कोण बसले आहे हे जेवणाऱ्याला दिसत होते.

तरीही जुने तेवढे सोने असे मी म्हणणार नाही. नऊ वाजता डबा दारात तयार हवा, तर घरातल्या बाईने पाचला उठलेच पाहिजे. डबेवाल्याच्या शिस्तीचे पोवाडे गाताना त्या शिस्तीचा पहिला टप्पा कोण सांभाळत होते, हे कुणी सांगत नाही. तिला त्याचे पैसे नव्हते आणि एप्रिलची सुट्टीही अर्धीच, कारण घरी जेवायला माणसे होतीच. रात्री अकराला कामावरून सुटणाऱ्या, परगावी एकटी राहणाऱ्या मुलीला कोण डबा देणार होते? अनेक खानावळींत आडनाव विचारले जाई, आणि ते ऐकून 'जागा नाही' असे उत्तर येई. ॲप आडनावावरून जेवण नाकारत नाही. ज्यांना हा अनुभव आहे, त्यांना या गोष्टीची किंमत विचारा.

पण पैशाच्या बाजूला डबा आणि ॲप यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत. डबेवाल्याला महिन्याची रक्कम ग्राहक देतो, ती गटात राहते. ॲपमध्ये हॉटेलच्या बिलातून मोठा वाटा मधल्या कंपनीकडे जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये देशभरच्या अनेक हॉटेलमालकांनी सवलतींच्या सक्तीला कंटाळून या ॲपमधून बाहेर पडण्याची मोहीम काढली. पुढे त्यांच्या संघटनेने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. हॉटेलवाल्यांचे मुख्य दुखणे असे, की आपला ग्राहक कोण हेच आपल्याला कळत नाही. नाव, पत्ता, आवड, सगळे कंपनीकडे. खानावळीची वही आता तिसऱ्याच्या हातात गेली आहे.

आणि पोचवणारा? त्याला कंपन्या 'पार्टनर' म्हणतात. डबेवालाही भागीदारच, शब्द तोच. पण डबेवाल्याला गटाच्या बैठकीत बसून भांडता येते, मुकादमाला तोंडावर बोलता येते. ॲपच्या पार्टनरला आज एका खेपेचे किती मिळणार हे सकाळी पडद्यावर कळते. मोटारसायकल त्याची, पेट्रोल त्याचे, पाऊस त्याचा. अशा माणसाला कामगार म्हणायचे की स्वतंत्र व्यावसायिक, हे कायद्याला बराच काळ सांगता येत नव्हते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदा 'गिग' आणि 'प्लॅटफॉर्म' कामगारांची व्याख्या झाली. २०२३ साली राजस्थानने त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला. डबेवाल्यांनाही संघटित व्हायला साठ-सत्तर वर्षे लागली होती, हे येथे नोंदवून ठेवतो.

दोन्ही पद्धतींची खरी परीक्षा २०२० साली झाली. मार्चमध्ये टाळेबंदी आली. घरपोच जेवण अत्यावश्यक ठरले, ॲपची माणसे ओस रस्त्यांवरून फिरत राहिली. डबेवाल्यांचे मात्र सगळे लोकलवर अवलंबून, आणि लोकल बंद. दोन महायुद्धे आणि प्लेगच्या साथी पाहिलेली ही यंत्रणा थांबली. ऑक्टोबरात त्यांना लोकलने जाण्याची मुभा मिळाली, पण कचेऱ्याच उघडलेल्या नव्हत्या, डबा कुणाला द्यायचा? करोनाआधी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दीड-दोन लाख डबे पोचवत. त्यातले पुष्कळ जण गावी गेले ते शेतीतच राहिले. काही रिक्षा चालवू लागले, काही सुरक्षारक्षक झाले. कचेऱ्या उघडल्या तेव्हा कित्येकांचे काम आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर आले होते, आणि अर्ध्या महिन्याचा डबा लावायची पद्धत डबेवाल्यांच्या हिशेबात कधी नव्हतीच. आजही डबेवाले लोकलमध्ये दिसतात, पण पाटीवर चाळीस डबे पूर्वीइतके सहज दिसत नाहीत.

जाता जाता अलीकडची एक घटना. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने जाहीर केले, की शाकाहारी ग्राहकांसाठी वेगळी माणसे असतील, त्यांचा पोशाख लाल नव्हे तर हिरवा असेल आणि ती फक्त शुद्ध शाकाहारी हॉटेलांतूनच जेवण आणतील. लगेच आरडाओरडा झाला. लाल कपड्यातल्या माणसाला उद्या सोसायटीच्या फाटकातच अडवतील, आणि एखाद्या घराने हिरव्याऐवजी लाल माणूस बोलावला तर शेजारी काय म्हणतील, असे प्रश्न लोकांनी विचारले. दुसऱ्याच दिवशी हिरवा पोशाख मागे घेण्यात आला, पोचवणारे सगळे पुन्हा लाल कपड्यांत आले. वेगळी माणसे ठेवण्याची योजना मात्र कंपनीने कायम ठेवली. झाकण बंद असले तरी ते कोणी आणले हे विचारणारे लोक १८९० साली पुण्यात होते, आणि २०२४ सालीही त्यांची मागणी आहे असे कंपनीच्या हिशेबनिसांना दिसले.